वाईट साल आण्णांना सांग

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी २८ वर्षांची, परभणी जिल्ह्यातल्या एका गावची. नांदेडला इंजिनिअरिंग झालं, कॅम्पसमधून पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत लागली आणि जून २०२१ पासून खराडीतल्या एका सॉफ्टवेअर प्रॉडक्ट कंपनीत आहे. पहिली दोन वर्षं झकास गेली. बढती मिळाली, बोनस मिळाला, गावच्या घरावर स्लॅब पडला. २०२३ मध्ये कपात झाली आणि टीममधली सहा माणसं तीनवर आली. तेव्हापासून दर तिसरा आठवडा तिचा ऑन-कॉल असतो, म्हणजे रात्री काही बिघडलं की फोन तिलाच. मॅनेजरही बदलले. यंदाच्या मूल्यमापनात ‘अपेक्षेपेक्षा कमी’ असा शेरा आला. घरी वडिलांची, म्हणजे आण्णांची, सहा एकर कोरडवाहू शेती, आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं. दर महिन्याला ती पस्तीस हजार घरी पाठवते, धाकटा भाऊ संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. गावातून इंजिनिअरिंगला गेलेली ती पहिली मुलगी, आणि तिच्याकडे बघून आणखी दोघींना घरच्यांनी नांदेडला पाठवलं. ती विचारते: “ताई, मी या कामाला लायकच नव्हते का? राजीनामा देऊन संभाजीनगरला एखाद्या कॉलेजात शिकवू का? आणि मी परत आले तर त्या दोघींच्या घरचे काय म्हणतील? घरी यातलं काही सांगितलेलं नाही, त्यांना सहन होणार नाही.”

तुझ्या पत्रात प्रश्न तीन आहेत, पण मी थांबले ते शेवटच्या वाक्यापाशी. ‘त्यांना सहन होणार नाही’ हे तू प्रश्न म्हणून लिहिलंच नाहीस, ते तू ठरवून टाकलं आहेस. राजीनाम्याचं बोलूच, पण या वाक्यावर आल्याशिवाय त्याचं उत्तर निघणार नाही.

आधी लायकीचं बघू. तू ऑगस्टमधल्या एका रात्रीबद्दल लिहिलंस. पावणेतीनला फोन वाजला. ऑर्डर अडकत होत्या, पण सर्व्हर चालू होते, सीपीयूवर भार नव्हता, मेमरी मोकळी होती. अशा वेळी गडबडलेला माणूस सगळं रीस्टार्ट करतो. दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. तू रीस्टार्टच्या नादी लागली नाहीस. डेटाबेसची किती कनेक्शनं उघडी आहेत ते पाहिलंस, तर ती मर्यादेला टेकलेली. मग संध्याकाळी गेलेल्या रिलीजमधले, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतले, बदल एकेक करून वाचलेस आणि एरर आली की कनेक्शन परतच दिलं जात नाही, अशी एक जागा तुला सापडली. रिलीज मागे घेतलंस, अडकलेल्या ऑर्डर पुन्हा चालवल्यास, कुणाचे पैसे दोनदा कापले गेले नाहीत ना ते तपासलंस आणि साडेचारला आडवी झालीस. सकाळी साडेनऊच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, ‘काल काय केलं?’ असं विचारल्यावर तू म्हणालीस, “विशेष काही नाही, माझं तिकीट अजून अर्धं आहे.” (तिकीट म्हणजे नेमून दिलेलं काम.)

अगं, विशेष काही नाही? झोपेतून उठून, एकटीनं, लक्षण कोणतं आणि कारण कोणतं हे वेगळं काढणं, आणि दुरुस्तीनंतर लोकांच्या पैशांची खात्री करूनच झोपणं, याला चांगलं इंजिनिअरिंग म्हणतात. हे जिला जमतं ती या कामाला लायक आहे. यावर मला वाद घालायचा नाही.

मग शेरा तसा का आला? तू लिहिलेल्या आकड्यांतच त्याचं उत्तर आहे. सहाजणांचं काम तिघांवर आलं, आणि मोजलं काय गेलं, तर दिवसा पूर्ण झालेली तिकिटं. रात्रीचं काम कुठल्याच रकान्यात बसलं नाही. गूगलच्या रिलायबिलिटी इंजिनिअरांनी, म्हणजे यंत्रणा बंद पडू नये हे बघणाऱ्यांनी, २०१६ मध्ये आपल्या कामाच्या पद्धती लिहून प्रसिद्ध केल्या. त्यांत ऑन-कॉलचा वेळ एकूण वेळेच्या पाव हिश्शाच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे, आणि बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना नसाव्यात असंही. का, तर एक घटना निस्तरणं, मूळ कारण शोधणं आणि ते लिहून काढणं यात सुमारे सहा तास जातात. तुझा ऑन-कॉल एक तृतीयांश आहे, तोही दोन वर्षांहून जास्त काळ, आणि बाकीचं काम पूर्वीइतकंच. असं असताना तिकिटं कमी झाली नसती तरच नवल.

तुझं एक मात्र चुकतं आहे, ते स्पष्ट सांगते. हे काम तू स्वतःच झाकून ठेवतेस. आपल्याकडे कामाचा गवगवा न करणं हा चांगुलपणा मानतात, आणि गावात तो चालतोही, कारण गावात तुझं वावर सगळ्यांना दिसतं. तुझ्या टीममध्ये नवीन आलेल्या मॅनेजरला रात्री पावणेतीन दिसत नाही. त्यामुळे आजपासून एक साधी फाइल ठेव. तारीख, किती वाजता फोन आला, काय बिघडलं होतं, काय केलं, किती वेळ गेला, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायला हवं. प्रत्येक घटनेला पाच ओळी पुरेत. मागच्या सहा महिन्यांचंही अलर्टच्या नोंदी बघून भरून काढ. इंग्रजी बोलताना अडखळते असं तू लिहिलंस, त्याचाही बराचसा इलाज यातच आहे. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी चार ओळी लिहून सगळ्यांना पाठवायच्या आणि मीटिंगमध्ये त्याच बोलायच्या. पुण्याच्या मुली सफाईनं बोलतात हे खरं, पण टीमच्या हाती शेवटी लिहिलेलंच राहतं.

आणि शेऱ्याबद्दल एवढं लक्षात ठेव की काही कंपन्यांत ठरावीक टक्के लोकांना खालचा शेरा द्यावाच लागतो. मायक्रोसॉफ्टनं अशी क्रमवारी लावण्याची पद्धत २०१३ मध्ये बंद केली, पण तिचे अवतार अजून बऱ्याच ठिकाणी जिवंत आहेत. तुझ्या कंपनीत तसं आहे का, हे एखाद्या जुन्या सहकाऱ्याला विचार.

आता जरा कंपनीच्या बाहेर बघू. तू जून २०२१ मध्ये लागलीस, तेव्हा या धंद्यात पाऊस पडत होता. महामारीत सगळं ऑनलाइन गेलं होतं, व्याजदर खाली होते, कंपन्या दिसेल त्याला घेत होत्या. मग व्याजदर चढले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटानं ११ हजारांहून जास्त लोक काढले, जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं सुमारे १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टनं १० हजार. मेटा आणि गूगलच्या प्रमुखांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत मान्य केलं की भरती वेगळ्याच अंदाजावर झाली होती. म्हणजे अंदाज वरच्यांचा चुकला आणि घरी गेली ती खालची माणसं. तुझ्या टीममधले तिघे गेले ते याच लाटेत.

तुझी बढती आली तेव्हा तू मनाशी म्हणालीस, मी हुशार आहे. शेरा आला तेव्हा म्हणालीस, मी नालायक आहे. दोन्ही वेळा बाजारभाव वाचलास आणि स्वतःचं नाव त्याखाली लिहिलंस. तुझ्या घरातला याचा दाखला देते. २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, आठवतं? आणि २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना मोंढ्यात त्याखाली घालावं लागलं. सोयाबीन तेच, रान तेच, कष्टही तेच. आण्णा मोंढ्यातून परत आल्यावर बाजारभावाला, आडत्याला, सरकारला बोलले असतील. ‘मला शेती येत नाही’ असं काही म्हणाले नसतील.

आणि म्हणूनच ‘त्यांना सहन होणार नाही’ हे मला पटत नाही. कोरडवाहू सहा एकरांवर ज्यांनी संसार केला, एका लेकीला इंजिनिअर केलं, त्यांना वाईट साल काय असतं हे शिकवावं लागत नाही. पीक उभं असताना भाव पडणं, भाव असताना पीक जाणं, पुढच्या सालासाठी थोडं मागे ठेवणं, कुणाकडे हात पसरायचा आणि कुणाकडे नाही, हे त्यांना तुझ्या कंपनीतल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. तुझ्या माहितीतली वाईट सालं निभावलेली माणसं तीच आहेत, आणि नेमकं त्यांच्यापासूनच तू हे लपवून ठेवलंस. त्यांना फक्त पगार कळतो, रात्र कळत नाही. त्यामुळे पगार कायमचा आहे असं धरून घर चालतं. भावाची खोली, मेस, अभ्यासिका, स्लॅबचं राहिलेलं कर्ज, सगळं त्या पस्तीस हजारांवर उभं राहिलं आहे. तुला कामाचा जितका ताण आहे, तितकाच ‘हा पगार एक महिनाही चुकता कामा नये’ याचा आहे. पहिला ताण कंपनी देते. दुसरा कमी करणं बऱ्याच अंशी तुमच्या घराच्याच हातात आहे, पण ठाऊकच नसेल तर ते लोक काय करणार?

यंदा सोयाबीन गेलं, अशा वेळी कसं सांगू, असं तुला वाटत असणार. मला उलट वाटतं. दिवाळीला तू जाशीलच. लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत, पाहुण्यांच्या देखत बोलू नकोस. पाहुणे पांगले की हरभऱ्याच्या पेरणीची, बियाण्या-खताची जुळवाजुळव निघेल. तेव्हा घरात पैशांचा हिशोब निघतोच, त्या हिशोबातच तुझंही मांड. ‘मी फार दुःखी आहे’ इथून सुरू केलंस तर आईच्या डोळ्यांत पाणी येईल आणि बोलणं तिथंच संपेल. ‘आण्णा, माझ्या कंपनीत सहाचे तीनजण राहिलेत, रात्रीची झोप होत नाही, ही नोकरी टिकेलच असं नाही, सहा महिने पगार नसला तर आपलं काय काय थांबेल?’ असं विचार. भावालाही समोर बसव. तो लहान नाही. त्याच्या तयारीला एक मुदत असावी, आणि ती त्यानं स्वतः सांगावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कदाचित आण्णा त्या दिवशी काहीच बोलणार नाहीत. आपल्याकडची वडीलमाणसं अशा बोलण्यानंतर उठून जनावरांकडे जातात. त्याचा अर्थ ‘सहन झालं नाही’ असा लावू नकोस. त्यांना दोन दिवस दे.

आता संभाजीनगर. परत यायची इच्छा असणं यात कमीपणा नाही, पण शिकवण्याचं काम म्हणजे विसावा, हे गृहीतक तपासून घे. इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमानं एम.टेक. लागतं, तुझं बी.टेक. आहे. म्हणजे आधी दोन वर्षं शिक्षण. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन प्रवेश मिळवलास तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं, पण त्यात घर चालणार नाही. आणि त्यानंतरही खासगी कॉलेजांत बरीच कामं तासिका तत्त्वावर असतात. सुट्टीच्या महिन्यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत, असं तिथल्या मुली मला सांगतात. शिकवण्याची खरी ओढ असेल तर हे सगळं करण्याजोगं आहे. नुसती पुण्यातून सुटका हवी असेल, तर त्यासाठी ही वाट फार लांबची आहे.

दुसरी वाट तुझ्या पत्रात नाही, पण ती आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथल्या कारखान्यांना आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांना सॉफ्टवेअरची माणसं लागतात. ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा व्यवहार नोंदवणारं सॉफ्टवेअर, सांभाळणारी, मशीनवरचा डेटा गोळा करून तो कामाचा करणारी. पगार तुझ्या आत्ताच्या पगारापेक्षा बराच खाली असेल, हे धरून चाल. खोलीभाडं आणि खर्चही कमी असेल. पुण्यातच राहून कमी ऑन-कॉल असलेली कंपनी शोधणं ही तिसरी वाट, आणि आजच्या घडीला मला तीच सर्वांत व्यवहारी वाटते. तुला कोडचा कंटाळा आलेला नाही, ती ऑगस्टची रात्र तू ज्या बारकाईनं लिहिलीस त्यावरूनच ते कळतं. तुला झोप हवी आहे आणि कुणीतरी कामाकडे नीट बघायला हवं आहे.

त्या दोन मुलींबद्दल तू फार काळजी करतेस, म्हणून त्याबद्दलही लिहिते. त्यांच्यासाठी तू कंपनीत टिकून राहायलाच हवं असं नाही. तू आजारी पडून टिकलीस तर त्यातून त्या काय शिकतील? त्यांना फोन कर. ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस हे विषय परीक्षेपुरते पाठ करू नका, कारण रात्री तेच कामाला येतात, हे सांग. नोकरी बदलते, टीम मोडते, शेरे खालचेही येतात आणि तरी माणूस इंजिनिअर राहतो, हेही सांग. त्यांच्या घरच्यांनी तुझ्यावरून मुलींना बाहेर शिकायला पाठवलं, ते तुझ्या कंपनीचं नाव बघून नव्हे. एका शिकलेल्या मुलीनं स्वतःच्या हिमतीवर घर सावरलं, हे बघून.

तब्येतीचा मुद्दा मी शेवटी लिहिते आहे, पण वाचताना तो आधी घे. फोन वाजला की हात थरथरतात, ऑन-कॉल नसलेल्या आठवड्यातही पावणेतीनला जाग येते, असं तू लिहिलंस. पंधरा दिवस रजा घेऊन, गावी राहूनही हे थांबलं नाही तर ते नुसत्या थकव्याच्या पुढे गेलं आहे, डॉक्टरांना दाखव. आणि मनात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार डोकावला तर रजेची वाटही बघू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. परभणी-हिंगोलीकडच्या घरांत याला अजून ‘वेड लागल्यावर करायचा फोन’ समजतात. तसं नाही. झोप उडालेल्या कुणीही करावा असा तो फोन आहे.

थोडा व्यवहार, तुझ्यासारख्या इतरांच्याही उपयोगाचा. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, मिळते. तुझी जून २०२६ ला होतील, म्हणजे आठेक महिने राहिले. मूळ पगार साठ हजार धरला तर पंधरा दिवसांचा पगार गुणिले पाच वर्षं, महिन्याचे दिवस सव्वीस धरून, साधारण १ लाख ७३ हजार होतात. ही रक्कम तब्येतीपेक्षा मोठी नाही, पण सोडण्याची तारीख ठरवताना डोळ्यांसमोर असावी. आईचं बीपी कंपनीच्या मेडिक्लेमवर चालतं ना? तो विमा नोकरीबरोबर जातो, आणि नव्या विम्यात जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यामुळे आई-आण्णांचा वेगळा विमा नोकरीत असतानाच सुरू कर. पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात वळव. नोटीस पिरियड बहुतेक तीन महिन्यांचा असेल, नेमणूकपत्र काढून खात्री कर. आणि कंपनीनंच बोलावून ‘आत्ता इथंच राजीनामा लिहून द्या’ म्हटलं, तर सही न करता घरी ये. कागद मेलवर पाठवा, वाचून कळवते, एवढंच म्हणायचं.

माझा सल्ला विचारशील तर राजीनामा आत्ता नको. दिवाळीहून परत आलीस की ती फाइल घेऊन मॅनेजरकडे वेळ माग आणि दोनच गोष्टी माग. ऑन-कॉल दर तिसऱ्याऐवजी निदान चौथ्या-पाचव्या आठवड्यावर यावा, त्यासाठी शेजारच्या टीममधली माणसं पाळीत घ्यावीत. आणि रात्री दोन तासांहून जास्त काम झालं तर दुसऱ्या दिवशी स्टँडअपला सुट्टी असावी. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मेल टाक, ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून. ते चांगले निघाले तर तुला कळेल की त्यांना आजवर माहीतच नव्हतं. ‘बघू’ म्हणाले तर तीन आठवडे वाट बघ. तोवर बायोडाटा नवा करून ठेव, त्यात त्या घटना लिही, आणि नांदेडच्या बॅचमधले जे पुण्यात आहेत त्यांना सांगून ठेव. सुधारणा-योजनेचं, ज्याला तुम्ही पीआयपी म्हणता, पत्र हातात आलं तर मात्र वाट बघू नकोस. त्या संध्याकाळीच अर्ज टाकायला लाग. मुलाखतीत समोरचे विचारतील, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तेव्हा पहिला प्रश्न हाच विचार: ऑन-कॉलला किती माणसं आहेत, आणि मागच्या महिन्यात रात्री किती वेळा फोन वाजला? आकडा न सांगता गोल गोल बोलले, तर त्या नोकरीचा पगार कितीही असो, घाई करू नकोस.